अमरावतीची आई, अकोल्याचे बाबा

आमची सुट्टी बडनेऱ्याच्या फलाटावर सुरू व्हायची आणि तिथंच संपायची. अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत आई आम्हाला घेऊन यायची. बाबा अकोल्याहून आधीच्या पॅसेंजरनं येऊन बाकावर बसलेले असत. धोतर, खांद्यावर पंचा, पायाशी पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या. मी आणि माझा धाकटा भाऊ आईचा हात सोडून बाबांकडे जायचो आणि शाळा उघडायची वेळ आली की बाबांचा हात सोडून आईकडे. सोडताना दरवेळी रडू यायचं. पण गाडीनं शिटी दिली की भावाला खिडकीची जागा हवी असायची, मलाही हवी असायची, आणि त्या भांडणात रडणं राहून जायचं.

आईबाबांचा घटस्फोट झाला तेव्हा मी नऊ-दहा वर्षांची असेन. कायदा नवाच होता. आमच्या ओळखीत कुणी असं केलेलं नव्हतं. सोडचिठ्ठी हा शब्द लोकांना माहीत होता, घटस्फोट हा पेपरातला शब्द होता. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, अमरावतीचे वकील. त्यांनाही कायद्याचं पुस्तक पुन्हापुन्हा उघडून बघावं लागलं म्हणतात. न्यायाधीशांनी ठरवून दिलं की शाळा चालू असेपर्यंत मुलं आईकडे राहतील आणि दिवाळीची नि उन्हाळ्याची सुट्टी वडिलांकडे. दोघांनीही ते मान्य केलं आणि शेवटपर्यंत पाळलं.

बाबा भिक्षुकी करत. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपासून थोडं वर, त्यांचं घर होतं. पाठशाळेत शिकलेले, स्पष्ट उच्चारांचे, सोवळ्याओवळ्यात पक्के. आई लग्नानंतर हट्टानं बाहेरून बी.ए. झाली आणि तिथल्याच मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. तिथून बिनसत गेलं. महिन्याचे चार दिवस परसातल्या टिनाच्या खोलीत बाजूला बसायची रीत होती. शाळेत जाणारी बाई घरी येऊन तिथं बसणार कशी, आणि न बसणारी बाई भिक्षुकाच्या स्वयंपाकघरात चालणार कशी? बाबांची आई तेव्हा होती आणि ती एक पाऊल मागं घ्यायला तयार नव्हती. आईही नव्हती. बाबा मधे उभे होते आणि काही बोलत नव्हते. आईला राग आला तो त्या न बोलण्याचा. तिनं अमरावतीच्या शाळेत अर्ज केला, नोकरी मिळाली, आणि ती आम्हाला घेऊन निघून आली. पुढचं सगळं कोर्टात झालं.

घटस्फोटानंतर एक गोष्ट बदलली, तिचं मला लहानपणी फार नवल वाटे. आधी बाबा आईला अगं-तुगं करत. नंतर ते तिला तुम्ही म्हणू लागले. शाळेतल्या सगळ्या मुली म्हणत तसं बाई म्हणू लागले. 'बाई, याचा खोकला गेला का?' असं फलाटावर विचारत. आई पहिल्या वेळी चपापली, मग तिला त्याची सवय झाली.

आम्हाला दोन्ही घरं आवडत. आईच्या दोन खोल्यांत देव नव्हता. एका भिंतीला जगाचा नकाशा होता, खिडकीत तिच्या प्रयोगाच्या काचेच्या नळ्या. बी.ए. असली तरी शाळेत ती विज्ञान शिकवायची. जेवताना कशावरही प्रश्न विचारायची मुभा होती, आणि तिला उत्तर आलं नाही तर ती तसं सांगायची. स्वयंपाक मात्र तिला जेमतेम यायचा. वरणात मीठ आहे की नाही याची चर्चा रोज व्हायची.

अकोल्याला उलट. आजी गेल्यावर घरात बाई माणूस नव्हतं. बाबा स्वतः रांधत आणि फार छान रांधत. त्यांच्या कढीगोळ्यांसाठी आम्ही परीक्षेचे शेवटचे दिवस कसेबसे काढायचो. तिथं आंघोळीशिवाय चहा नाही, जेवताना बोलायचं नाही, दिवेलागणीला परवचा म्हणायचा. पण जेवण झाल्यावर बाबा दारापुढच्या उघड्या छपरीत आडवे पडून पुराणातल्या गोष्टी सांगत आणि त्या सांगताना राक्षसांचा आवाज काढत. ते मोठे भिक्षुक आहेत हे तेव्हा आम्हीच काय, तेही विसरत.

एका घरातले प्रश्न आम्ही दुसऱ्या घरी न्यायचो. राहूनं सूर्य गिळला तर तो गळ्यातून बाहेर कसा येतो, हे बाबांना विचारायचं. मंत्र म्हटल्यानं मन शांत होतं तर का होतं, हे आईला. दोघंही उत्तर देताना एकमेकांना वाईट म्हणत नसत. गल्लीतल्या बाया म्हणत. एकदा बाबांच्या एका यजमानिणीनं मला जवळ घेऊन विचारलं, 'तुही माय काहून सोडून गेली वं?' बाबा आत समई पुसत होते. ते तिथूनच म्हणाले, 'तिले शाळा होती.'

मी सातवीत होते त्या वर्षी पौषाच्या अमावास्येला आठ ग्रह मकर राशीत एकत्र येणार होते. लोक म्हणत, जग बुडणार. अमरावतीत, अकोल्यात, सगळीकडे यज्ञ चालले होते. कुणी घर सोडून मोकळ्या मैदानात राहायला गेलं होतं. आई वर्गात फळ्यावर वर्तुळं काढून सांगत होती की ग्रह एका बाजूला दिसले म्हणजे ते एकमेकांना धडकतात असं नाही. मुली मान डोलवत आणि घरी जाऊन आजीबरोबर जप करत.

आदल्या संध्याकाळी बाबा आमच्या दारात उभे. अमरावतीला ते कधीच येत नसत. अकोल्यातल्या मोठ्या यज्ञात त्यांचं आसन ठरलेलं होतं, ते सोडून आले होते. दारातूनच त्यांनी आईला सांगितलं की उद्याचा दिवस पोरं माझ्याजवळ असू द्या. आई म्हणाली, उद्या शाळा आहे.

'तुम्हाला खरंच वाटतं जग बुडेल?' तिनं विचारलं.

'शास्त्रात काय लिवलं ते मले माहीत आहे. होते का नाही होत, ते नाही माहीत,' बाबा म्हणाले. 'पण झालंच, तं पोरं इकडं अन् मी तिकडं, असं नको.'

पण शाळा तिनं बुडू दिली नाही. बाबा रात्री त्यांच्या एका ओळखीच्या भिक्षुकाकडे उतरले आणि सकाळी आम्हाला शाळेत पोचवायला आले. भावाची प्राथमिक शाळा माझ्या नि आईच्या शाळेला लागून होती. दोन्ही फाटकांच्या मधे एक कडुनिंब होता. बाबा त्याच्याखाली पंचा अंथरून माळ घेऊन बसले ते शाळा सुटेपर्यंत.

निम्मे वर्ग रिकामे होते. खिडकीतून मला बाबा दिसत. मुली कुजबुजत होत्या की हा बुवा कोण, आणि मी सांगून टाकलं की माझे वडील आहेत. सावली सरकली तसं आईनं शिपायाबरोबर आपली छत्री पाठवली. बाबांनी ती घेतली आणि उघडून झाडाच्या फांदीला अडकवली. दिवसभर मी गणितं केली, भूगोल ऐकला, आणि मधूनमधून त्या छत्रीकडे बघितलं. जग बुडेल अशी भीती मला त्या दिवशी अजिबात वाटली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर आई चपला काढत म्हणाली, 'आहे ना जग जागेवर?'

'आहे,' बाबा अगदी गंभीरपणे म्हणाले. 'अकोल्यात यज्ञ चांगला झालेला दिसते.'

आई खळखळून हसली. बाबाही मिशीत हसले. दोघांना एका वेळी हसताना मी त्याआधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, मी अकोल्याला असताना पहिल्यांदा मला पाळी आली.

आईनं मला सगळं समजावून ठेवलं होतं. हिवाळ्यातच एकदा पाटीवर आकृती काढून, वर्गात सांगते तशाच आवाजात. त्यामुळे रक्ताची भीती वाटली नाही. भीती वाटली ती परसातल्या खोलीची. लहानपणी मी आईला तिथं बसलेली पाहिली होती. ती दारात बसून पुस्तक वाचायची, मी पळत तिच्याकडे निघाले की आजी ओरडायची आणि आई पुस्तकातून मान वर न करता मला म्हणायची, 'जा, खेळ.'

सकाळची वेळ होती पण अकोल्याचं ऊन आठ वाजताच चढतं. मी न्हाणीतून बाहेर आले आणि परसात उभी राहिले. घरात पाऊल टाकावं की नाही ते कळेना. बाबा पूजेला बसायच्या तयारीत सहाणेवर चंदन उगाळत होते. मागच्या दारातून त्यांना मी दिसत होते.

'उन्हात काहून उभी आहेस वं?' ते म्हणाले.

मी म्हटलं, 'बाबा, मी कुठं बसू?'

त्यांना लगेच कळलं. चंदनाचा हात थांबला. मग त्यांनी भावाला शेजारच्या काकूंना बोलवायला पाठवलं. काकू वयस्क, मायाळू. त्यांनी मला पोटाशी धरलं, जवळचं जुनं मऊ लुगडं फाडून दिलं, काय करायचं ते दाखवलं, आणि मग कामाला लागल्या. परसातली खोली झाडून द्या, म्हणाल्या. तिच्यात आता गोवऱ्या आणि लाकडं भरली होती. बाबा तिथं गेले. त्यांनी दार उघडलं, आत हात घालून वरच्या टिनाला लावला आणि झटकन मागं घेतला.

'इथं पोर भाजून निघंल,' ते म्हणाले.

काकू म्हणाल्या, 'आमी साऱ्या बसलोच नं जी.'

बाबांनी दार लावून घेतलं. काकूंना त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, तुमचे उपकार झाले, आता मी पाहतो. मग मला म्हणाले, 'तू आत जाय. मधल्या खोलीत. कडी लावून बसायचं नाही, दार उघडं ठेव, हवा येऊ दे.'

'आणि पूजा?'

'देव हलवता येतात,' बाबा म्हणाले. 'मीही हलतो.'

मी मधल्या खोलीत जायच्या आधी त्यांनी देव उचलले. एकेक मूर्ती ताम्हनात ठेवून, सोवळ्यानं, तोंडानं काही पुटपुटत, ते सगळे देव पुढच्या छपरीत घेऊन गेले. मग देव्हारा नेला. मग दोन-चार भांडी, पीठ, डाळ, तांदूळ. छपरीच्या कोपऱ्यात तीन विटा मांडून चूल केली. सगळं घर त्यांनी मला दिलं आणि स्वतः भर उन्हाळ्यात बाहेर राहायला गेले. जेवणाचं ताट भाऊ आत आणून द्यायचा आणि बाबा खिडकीच्या पलीकडून विचारायचे, 'कढी आंबट नाही नं झाली?' ते मला शिवले नाहीत. घरातही आले नाहीत. पण मी घराबाहेर नव्हते.

त्यांनी त्याच सकाळी आईला तार केली होती. आई घाबरू नये म्हणून तारेत सगळ्यात आधी मुलगी सुखरूप असल्याचं घातलं होतं आणि मग 'या' म्हटलं होतं. आईला त्यातून काय समजायचं ते समजलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती आली. घर सोडल्यापासून ती त्या दारात पहिल्यांदाच येत होती.

टांगा थांबल्याचा आवाज आला तेव्हा मी खाटेवर पडून वाचत होते. आई दारानं आत आली नाही. ती बाजूच्या बोळातून तडक परसात गेली. मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. टिनाच्या खोलीचं दार करकरलं आणि परत लागलं. मग ती मागच्या दारातून आत आली आणि मी तिला दिसले. मधली खोली, खिडकीला ओलं गोणपाट, उशाशी पाण्याचा माठ आणि कापलेला आंबा. तिनं माझ्या कपाळावर हात ठेवला. काय हवं-नको ते विचारलं, पिशवीतून कपडे काढून दिले. मग ती पुढच्या दारात जाऊन उभी राहिली.

छपरीत बाबा चुलीपुढं बसले होते. अंगावर घामाच्या धारा, बाजूला देव्हारा, त्याच्याजवळ वळकटी. मला खाटेवरून दोघंही दिसत होते.

'हे काय?' आई म्हणाली.

'बाई, माहं सोवळं माह्याजवळ. तिच्यावर काहून लादू?'

'पण विटाळ मानताच ना?'

'मानतो. म्हणून तं मी बाहेर आहो.'

आईला पटलं नव्हतं, हे मला तिच्या पाठीवरूनही कळत होतं. विटाळ नावाची गोष्टच नाही, असं ती मला नंतर परतपरत सांगणार होती आणि मलाही ते पटणार होतं. पण त्या क्षणी ती भांडायला आली होती आणि भांडायला काही उरलं नव्हतं. थोड्या वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, 'तेव्हा का नाही सुचलं हे?'

बाबांनी फुंकणी खाली ठेवली. 'नाही सुचलं,' ते म्हणाले. 'पुष्कळ दिवस त्याचाच विचार केला. तवा मले वाटे, एकतर माय बरोबर, नाहीतर तुमी बरोबर. मी उठून बाहेर बसू शकतो, हे ध्यानातच नाही आलं.'

आई उंबऱ्यावर बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं, ते घामासाठी की आणखी कशासाठी, मला कळलं नाही. बाबांनी पत्रावळीवर भात वाढून तिच्यापुढं सरकवला आणि वर कढीगोळे घातले. ती जेवली. दुसऱ्यांदा कढी मागितली. जेवताना बोलायचं नाही हा नियम तिनं त्या दिवशी मोडला आणि बाबांनीही तो मोडू दिला. माझं आठवीनंतर काय करायचं, भावाचे दात किडतायत, असं बरंच काही दोघं बोलत होती. मी ऐकता ऐकता झोपले.

आई मला न्यायला आली होती. तिनं माझी पिशवीही हाताशी काढून ठेवली होती. मी उठल्यावर तिनं विचारलं, 'येतेस माझ्याबरोबर?'

मला जायचं नव्हतं. आंबे अजून संपले नव्हते, आणि बाबांनी सांगायला घेतलेली एक लांबलचक गोष्ट राजकन्या जंगलात असताना थांबली होती. पण हे आईला कसं सांगायचं ते कळेना. मी म्हटलं, सुट्टी संपल्यावर येते. आईनं माझ्याकडे नीट बघितलं. मग तिनं माझी पिशवी पुन्हा खुंटीला लावली.

संध्याकाळच्या गाडीला बाबा तिला पोचवायला गेले. टांग्यात पुढं बाबा आणि भाऊ, मागं आई. भाऊ परत आल्यावर सांगत होता, स्टेशनवर दोघं एकाच बाकावर बसली होती, मधे छत्री ठेवून, आणि मी विज्ञान घ्यावं की संस्कृत यावर इतका वाद घालत होती की गाडी आल्याचं त्यालाच सांगावं लागलं.

पुढं मी दोन्ही घेतलं. विज्ञान शाळेत आणि संस्कृत सुट्टीत बाबांकडे. माझ्या त्या चार दिवसांत बाबा छपरीत जात राहिले. मला कधी ते खटके, कधी हसू येई. मॅट्रिकच्या वर्षी मी त्यांना म्हणाले की तुम्ही आता घरात या, काही होत नाही. ते म्हणाले, 'मले माहीत आहे काही होत नाही. पण माही सवय आहे, अन् छपरीत हवा चांगली येते.' त्यांची काही यजमान मंडळी या प्रकारानं दुरावली. काही नवी जोडली गेली, त्यांत शिकलेल्या सुनांची घरं बरीच होती.

भावाची मुंज हा एकच प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत राहिला, हे सांगायचं राहिलंच. बाबांना ती आठव्या वर्षी करायची होती. आईचं म्हणणं, तो मोठा होऊन ठरवील. बाबा थांबले. भावानं ठरवलं तेव्हा त्याला मिसरूड फुटलेली होती. आवडीनं म्हणा की बाबांवरच्या प्रेमानं म्हणा, पण त्यानं स्वतःहून सांगितलं. बाबांनी आईला निरोप धाडला की मातृभोजनाला आई लागते, तिच्याऐवजी दुसरी कुणी चालत नाही.

आई आदल्या दिवशी आली. मुंजीवर तिचा विश्वास नव्हता, तसं तिनं मांडवातल्या दोन-तीन जणांना सांगितलंही. पण दुसऱ्या दिवशी ती स्वच्छ पांढरं पातळ नेसून पाटावर बसली. शेजारी तिच्यापेक्षा उंच झालेला भाऊ, लंगोटी लावून, लाजून लालेलाल. एकाच ताटात दोघांनी जेवायचं होतं. लहान बटू आईच्या मांडीवर बसतो. भावाला कुणीतरी ते सुचवलं आणि मांडवभर हसू पसरलं. आई म्हणाली, बसू दे की, आणि भाऊ खरंच एक क्षणभर तिच्या मांडीवर टेकला. बाबा मंत्र म्हणायला तोंड उघडून थांबले होते. त्यांना हसू आवरेना. शेवटी त्यांनी पंच्यानं डोळे पुसले आणि सुरुवात केली. आई भावाला घास भरवत होती. जिलबीचा पाक त्याच्या हनुवटीवरून ओघळला आणि तिनं तो पदरानं पुसला. मी समोर तुपाचं भांडं घेऊन उभी होते, वाढायचं विसरून.